घरातलं मशीन

अप्पा, परवा बॅटरीवर चालणारं ड्रिल मशीन घ्यायला मी जुन्या पनवेलच्या बाजारात गेले होते. दुकानदाराने दोन डबे समोर ठेवले आणि विचारलं, "ताई, घरासाठी पाहिजे का कामासाठी?" कामासाठी, मी म्हटलं. "मग मिस्टरांना आणायचं ना बरोबर. हातात धरून बघितलं असतं त्यांनी." मिस्टर बँकेत असतात, सुतारकाम मी करते, असं सांगितल्यावर तो हसला. वाईट हसला असं नाही, पण हसला. मग समजावायला लागला. हे स्वस्तातलं, पडदे लावा, फोटो टांगा. हे प्रोफेशनल, दिवसभर चालवा, काँक्रीटच्या बीममध्ये घाला, थांबणार नाही. "दिसायला भाऊ-भाऊ आहेत ताई, पण आतली मोटर वेगळी." मी दोन्ही डब्यांकडे बघत उभी राहिले आणि मला तुमचा राग यायला लागला. भर दुकानात, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर.

ती खंडेनवमी आठवते ना तुम्हाला? कारखान्यात पाट मांडलाय, त्यावर करवत, रंधा, पटाशा, सगळं पुसून ओळीने ठेवलंय. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, तरी सासरचा स्वयंपाक उरकून मी रोज कारखान्यात यायचे. दादा न्हावा शेव्याला नोकरीला लागला होता आणि मनात आलं तर रविवारी यायचा. त्या दिवशी तुम्ही बॅटरीवरच्या ड्रिल मशीनचे दोन डबे आणलेत. त्याला काळ्या पेटीतलं जड मशीन, मला प्लास्टिकच्या खोक्यातलं हलकं. त्याचं मशीन पाटावर गेलं, त्याला कुंकू लागलं, झेंडूचं फूल मिळालं. मी माझं ठेवायला वाकले तर तुम्ही म्हणालात, "ते राहू दे, ते घरातलं हाय." मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "दोघांना आणलंन ना? मग तोंड कशाला पाडतेस?"

तुमचा हिशोब मला तेव्हाही कळत होता. दादाने नोकरी सोडून कारखाना धरावा म्हणून तुम्ही त्याला ते मशीन दाखवत होता. जो येत नव्हता त्याला बोलवायचं होतं. मी रोज येतच होते, मला बोलवायची गरज नव्हती. शिवाय माझं मशीन म्हणजे दुसऱ्याच्या घरी गेलेलं मशीन. एवढंही मी गिळलं असतं. पण नंतर नवीन पनवेलला त्या नव्या बिल्डिंगचं काम आलं. लाइट अजून जोडलेली नव्हती, त्यामुळे कारखान्यातलं वायरचं मोठं मशीन उपयोगाचं नव्हतं. स्वयंपाकघरात वरची कपाटं टांगायची होती आणि मी हट्टाने म्हटलं, आज मी भोकं पाडते. मी माझं मशीन बीमला लावते, सगळा भार टाकून दाबते. टोकाचं बिट घसरतं, वरचं प्लॅस्टर तेवढं भुरभुरतं. घरमालक मागे उभा. तुम्ही मला बाजूला केलंत, रविवारचा आलेल्या दादाला पुढे बोलावलंत. त्याने त्याचं मशीन लावलं आणि ते आत गेलं. "तुज्या मनगटात जोर नाय गो," तुम्ही म्हणालात. "तू आपली बिजागऱ्या लाव." घरमालक म्हणाला, "अहो, पोळ्या लाटणारा हात तो." तुम्ही त्याच्याबरोबर हसलात.

तेव्हापासून मी बिजागऱ्याच लावल्या. तुम्ही गेलात, कारखाना विकला, मी स्वतःची कामं घ्यायला लागले. ट्रॉल्या, कपाटांची दारं, ड्रॉवर. भिंतीचं काम आलं की दुसरा सुतार बोलवायचा. एक स्वस्तातलं मशीन बिघडलं की दुसरं स्वस्तातलं आणायचं, कारण माझ्या मनगटाला तेवढंच पुरे, हे ठरलेलं होतं. दादाचं मशीन मी एकदा मागितलं होतं. "अप्पांनी दिलंय गं, आठवण आहे," तो म्हणाला. पलंगाखाली पडून पडून त्याची बॅटरी मेली.

परवा उलव्याच्या एका फ्लॅटमध्ये भिंतीवाला सुतार आलाच नाही, गावी गेला. दुसऱ्या दिवशी त्या बाईंची वास्तुशांत. "ताई, कारागीर कधी येणार?" त्या सारख्या विचारत होत्या. शेवटी मी म्हटलं, "आलेली आहे." माझं मशीन बीमला लावलं, जळका वास आला आणि ते बंद पडलं. म्हणून मी त्या दुकानात गेले होते अप्पा, आणि प्रोफेशनलचा डबा घेऊन परत उलव्याला आले. बीमला लावताना मी सवयीने सगळा भार टाकला, पाय रोवले, दात आवळले. एवढा जोर लागलाच नाही. नुसतं सरळ धरायचं होतं. बिट आत गेलं, चारही भोकं पडली, कपाट टांगलं. त्या बाईंनी विचारलं, "पडणार नाही ना?" मी दोन्ही हातांनी त्याला लोंबकळून दाखवलं. त्या हसल्या, मीही हसले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुवून आले.

तुम्ही सुतार होता. घरातलं मशीन काँक्रीटला चालत नाही हे तुम्हाला माहीत होतं का? तेव्हा ही मशीनं नवी होती, दोन्ही सारखीच दिसायची, तुम्हाला खरंच वाटलं असेल की माझ्या हातात कमी आहे. किंवा तुम्हाला नीट माहीत होतं आणि दादाला पुढे आणायला ती संधी बरी वाटली. रात्रंदिवस मी हे दोन्ही बाजूंनी तपासून पाहते आहे. माहीत होतं म्हटलं की तुमच्याकडे बघवत नाही. माहीत नव्हतं म्हटलं की एका चुकून बोललेल्या वाक्यावर मी माझी एवढी वर्षं काढली, आणि मग कोणावर रागवायचं तेही उरत नाही. आई असती तर म्हणाली असती, जाऊ दे आता, मेलेल्या माणसाला काय विचारायचं. विचारून उत्तर मिळणार नाही हे मलाही कळतं. हे लिहून झालं की फाडणार आहे, घरात कोणाला वाचायला नको.

एक गोष्ट मात्र त्या बाईंनाही कळली नाही. पहिलं भोक पुरतं पडलं तेव्हा मशीन थांबवून मी मागे वळून पाहिलं. तुम्ही बघताय का, हे पाहायला.