वरच्या खोलीच्या दारावरची बाहुली

१२ जानेवारी ९७, रविवार

हरलो. हरण्याचं काही नाही, आधी ऑफिसच्या टीमचा स्टॉपर म्हणून आणि आता या क्लबचा असिस्टंट कोच म्हणून पुष्कळ हरलोय. पण आज आपल्याच ग्राउंडवर, आमच्या घानाच्या क्वेसीच्या पायात बॉल आला की पूर्वेच्या स्टँडमधून माकडाचे आवाज. समोरच्या टीमची माणसं नव्हेत, आपलीच! त्याचा हेडर बारवर आपटला तेव्हा केळ्याची सालं आली. मी टचलाइनवरून ओरडत राहिलो, "इग्नोर करो, इग्नोर!" दुसरं काय येतं मला.

क्वेसी स्कूटरवर माझ्या मागे बसून घरी आला. एरवी माझ्या गाडी चालवण्यावर बोलत असतो, आज गप्प. काचीगुड्याला गेटात उतरल्यावर म्हणाला, "उस्ताद, इग्नोर का कोच अलग रखो क्लब में. मैं सिर्फ फुटबॉल सीखने आया था."

१४ जाने., मंगळ.

संक्रांत. शालू काळी साडी नेसली. बायकोची दर वर्षीची हौस. क्वे. तिळगूळ घ्यायला खाली आला. दोन वर्षं झाली वरच्या खोलीत राहतोय. घानाहून बी.कॉम. करायला हैदराबादला आला आणि आमच्या नादी लागला. त्याचं नाव शा.च्या जिभेला वळत नाही म्हणून ती त्याला केशव म्हणते.

"आंटी, आज काला अच्छा है?"
"आज के दिन अच्छा रहता, बेटा."
"और कल?"

सगळे हसलो. शा.च्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. आता लिहायला बसल्यावर तेवढं हसू येत नाहीये.

माझी आई मला लहानपणी डाळीच्या पिठानं घासायची. सोलून काढायची अगदी. उजळलो नाही तो नाहीच.

१९ जाने., रवि.

कसं लिहू.

स्टँडमध्ये बांबूला बाहुली टांगली होती. काळ्या कापडाची, माणसाएवढी नाही पण लहानही नाही. आमची पिवळी जर्सी, पाठीवर नऊ नंबर. क्वे.चा नंबर. गळ्यात सुंभाचा फास. लोक तिला चपला मारत होते आणि बायकापोरांसकट हसत होते. हाफ टाइमनंतर एकजण तो बांबू घेऊन जाळीपाशी आला आणि थ्रो घ्यायला आलेल्या क्वे.च्या तोंडासमोर ती झुलवायला लागला. मी बेंचवरून उठलो. उठलो आणि उभा राहिलो, एवढंच. तोवर क्वे.नं जाळीवरून उडी मारली होती. त्या माणसाचं नाक फुटलं. रेड कार्ड, पोलीस, धावाधाव. रेफ्रीनं फक्त ठोसा पाहिला.

मी सगळं पाहिलं.

शा.ला एवढंच सांगितलं की मारामारी झाली. बाहुलीचं नाही सांगितलं. तिच्या जिवाला उगाच घोर.

२० जाने.

पुढच्या सोमवारी कमिटीपुढे सुनावणी. बंदी आली तर क्लब करार मोडणार, करार मोडला की क्लबच्या नावावर काढलेला व्हिसा गेला. म्हणजे सामान बांधायचं आणि परत.

क्वे. गच्चीवर बूट घासत बसला होता. वर न बघता म्हणाला, "उस्ताद, आप पास में थे. बोलेंगे ना?"
"हौ. बोलूंगा."
"पूरा?"
"पूरा."

२१ जाने., मंगळ.

वाटोळं झालं.

मी प्रॅक्टिसला होतो, क्वे. पोलीस चौकीत सही करायला गेलेला. शा.ला वाटलं, पोराला नजर लागली. लागोपाठ हरणं, मारामारी, पोलीस. आज मंगळवार. तिनं संक्रांतीच्या ब्लाउजचं उरलेलं काळं कापड घेतलं, बाहुली शिवली आणि त्याच्या दाराला लिंबू-मिरचीबरोबर टांगली. ज्याची दृष्ट काढायची त्याच्या अंगावरचं काहीतरी हवं, असं तिच्या माहेरी मानतात. म्हणून त्याच्या फाटलेल्या जर्सीची पिवळी चिंधी बाहुलीला घातली. वरून दोरी बांधली. दोरी कुठं बांधणार, गळ्यालाच ना.

क्वे. जिना चढून गेला.  मग बॅग घेऊन खाली आला. शा. चहा टाकत होती, विचारत होती, "केशवा, काय झालं रे, क्या हुआ बेटा?" तो न थांबता गेटाकडे वळला. गेला.

मी घरी आलो तेव्हा ती जिन्यात बसली होती. मग मी तिला रविवारचं सगळं सांगितलं. आधी सांगायचं ते नंतर. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मला तिथून उठावंसं वाटलं. "तुम्ही तोंड उघडलं असतं तर मी सुईला हात तरी लावला असता का?"

२२ जाने.

आबिड्सला क्लबच्या मालकांच्या दुकानात गेलो. कलर टीव्हीच्या भिंतीच्या भिंती, सगळ्यांवर एकच विलायती मॅच चाललेली, पडद्यावरचे काळे खेळाडू गोल मारत होते आणि गिऱ्हाईकं टाळ्या वाजवत होती. मालकांना म्हटलं, तुम्ही क्वे.ला एकदा बोलावून सांगा, गैरसमज झालाय. आणि घरच्या बाहुलीची हकिगत सांगितली. मूर्खासारखी, अथपासून इतिपर्यंत.

मालक खुर्चीत पुढे सरकले. "तुमच्या मिसेसनं? प्रेमानं?"
"हो ना."
"अहो मग झालं की! स्टँडमधली पण दिष्टी बोम्माच ती. नजर लागू नये म्हणून पब्लिकनं टांगली. परदेशी माणूस, त्याला कळलं नाही. तुम्ही कमिटीला तेवढंच सांगा. टीव्ही कंपनी पुढच्या सीझनला आपल्या क्लबला स्पॉन्सर करणार आहे, आता पब्लिक खराब, ग्राउंड खराब, असं काही निघायला नको."
"पण साहेब, लोक तिला चपला मारत होते."
"दृष्ट काढताना आपण काय फुलं वाहतो?"

खाली रस्त्यावर आलो तेव्हा उमगलं. जी गोष्ट त्याला परत आणायला सांगितली तीच त्यांच्या हातात देऊन आलो.

२४ जाने., शुक्र.

सिकंदराबादला एका हॉस्टेलमध्ये तो त्याच्या गाववाल्या विद्यार्थ्यांबरोबर उतरलाय, आमच्या गोलकीपरनं सांगितलं. गेलो. शा.नं डबा दिला होता. डबा घेतला नाही. पण दारात उभा राहून ऐकून घेतलं. मी सगळं समजावलं, आमच्या घराच्या पुढच्या दारावरसुद्धा अशीच एक आहे, वास्तुशांतीपासून आहे, ट्रकला असते, दुकानाला असते.

"देखा मैं. दो साल से देखा. कभी पूछा नहीं." मग म्हणाला, "एक बात बताओ उस्ताद. बुरी नजर को डराना है तो गुड़िया काली कायकू?"

मी म्हटलं, रिवाज है.

"उस्ताद, सफेद बनाओ ना एक."

मला राग आला. खरंच आला. शा. रात्रंदिवस रडतेय आणि हा मला प्रश्न घालतोय. बसमध्ये बसेपर्यंत राग होता, मग तोही राहिला नाही. राहिला असता तर बरं झालं असतं. मेहदीपट्टणमच्या बसमध्ये बसलो होतो, काचीगुड्याच्या नव्हे, हे फार उशिरा लक्षात आलं.

२७ जाने., सोम.

सुनावणी. लांब टेबल, पलीकडे कमिटी, कडेला मालक. क्वे. भिंतीजवळ, इस्त्रीचा शर्ट घालून.

मी ठरवून गेलो होतो की पूर्ण बोलायचं. सुरुवात केली, माकडाचे आवाज, सालं, सगळं. बाहुलीवर आलो तेव्हा अध्यक्षांनी हात वर केला.

"आपके घर में, इसी खिलाड़ी के दरवाजे पे, पीली जर्सी वाली काली गुड़िया टंगी थी?"
"हाँ, मगर—"
"किसने टांगी?"
"मेरी बीवी ने. वो तो—"
"नफरत से?"

काय सांगणार होतो? शा.बद्दल हो म्हणू? त्या बाईनं त्याला तापात दोन दोन दिवस मांडीवर घेतलंय.

"नहीं. माया से," मी म्हटलं. घाईत मराठीच शब्द तोंडातून गेला, मग सुधारलं, "प्यार से."

"ठीक है. आप जा सकते हैं."

मी ओरडलो. त्या बाहुलीच्या गळ्यात फास होता, नऊ नंबर होता, तोंडासमोर नाचवली, मी बेंचवरून बघत होतो! मालकांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. कुणी ऐकत नव्हतं, चहा आला होता. क्वे.नं मान वर केली नाही. मी खरं बोललो आणि तेच त्याच्याविरुद्ध गेलं. आता मी कुणासमोर जाऊन काय ओरडू, मला काही सुचत नाही. जीव नकोसा झालाय.

२९ जाने., बुध.

निकाल शुक्रवारी. मालकांनी मला प्रॅक्टिसला येऊ नका म्हणून निरोप पाठवला.

वरच्या दारावरची बाहुली मंगळवारीच काढली होती; आज सकाळी शा. स्टुलावर चढून पुढच्या दारावरची जुनी बाहुली काढत होती. काढली आणि हातात घेऊन उभी. असली वस्तू घरात घेत नाहीत, आणि दुसऱ्या कुणाच्या वाटेत टाकवेना. "कुठं ठेवू हो हिला?" मला काय माहीत.

तेवढ्यात गेट वाजलं. क्वे. आला होता, त्याचे बूट गच्चीवर राहिले होते. शा. बाहुली पाठीमागे लपवायला लागली, मग लपवायचं सोडून दिलं. तसाच हात पुढे, रडत.

"बेटा, मेरे मन में रंग आया ही नहीं. तेरी कसम. मैंने सोचा ही नहीं."

तो पायरीवर थांबला. आवाज चढवला नाही.

"वोइच तो, आंटी. कोई नहीं सोचा."

वर गेला. आम्ही दोघं खाली उभे. त्याच्या खोलीचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. बूट तर गच्चीवर होते, खोलीत नव्हते. शा. म्हणाली, जा ना वर. मी गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाऊ?

बूट हातात घेऊन उतरला. शुक्रवारी कमिटीच्या ऑफिसात येणार का, एवढं विचारलं. मला वाटलं होतं मी विचारीन, पण विचारलं त्यानं.

"आता हूँ," मी म्हटलं. "बाहर खड़ा करेंगे तो बाहर खड़ा रहता हूँ."

मान हलवली. हो म्हणून की नुसतीच, कळलं नाही. तो गेटाबाहेर पडल्यावर शा.नं विचारलं, खोलीची किल्ली दिली का त्यानं? दिली नाही. मीही मागितली नाही.