शेंगदाण्याच्या सालीचं पाणी

बाबा, त्या दुपारी तुम्ही माझ्या रोपाला हात लावलात आणि मी तुमच्यावर ओरडले. पुढे त्या रोपाचं काय झालं ते तुम्हाला कळलंच नाही. सांगायचं मीच होतं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, म्हणून आज निदान लिहून काढते.

एमएस्सीचं शेवटचं वर्ष होतं. कॉलेजात कुंड्या ठेवायला जागा नव्हती, म्हणून तंबाखूच्या जातीची आठ रोपं आपल्या स्टील प्लांटच्या क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात ठेवली होती. तंबाखूला एका विषाणूचा रोग होतो. तो विषाणू या रोपांच्या पानावर चोळला की तीन-चार दिवसांत तपकिरी ठिपके उठतात. जितक्या ठिकाणी तो आत शिरला तितके ठिपके, असा साधारण हिशेब. शेंगदाण्याची लाल साल त्याला अडवते का, एवढंच मला पाहायचं होतं. आई रिसालीच्या बाजारातले दाणे चटणीसाठी भाजते आहे, सुपात चोळते आहे, आणि ती पाखडायला उठली की मी खाली वर्तमानपत्र धरते आहे. "एवढी शिकली अन् फोलपटं जमा करून राहिली," ती म्हणते, "लोकं काय म्हणतीन व!" ती साल उकळून गाळली की चहासारखं पाणी निघायचं. जिभेला लावलं तर जीभ आवळून यायची. तो तुरटपणाच विषाणूला धरून ठेवत असेल, असं आमच्या कॉलेजातल्या मॅडमना वाटायचं. मला तर माणसांचेही विषाणू, देवी, कावीळ, तापानं फणफणलेली पोरं, सगळंच डोळ्यांसमोर यायचं. मॅडम हसून म्हणायच्या, "आधी एक पान वाचव."

त्या दिवशी मी प्रत्येक पानाच्या डाव्या अर्ध्या भागावर ते पाणी ब्रशने लावून वाळवलं होतं. उजवा अर्धा भाग कोरा. विषाणू दुसऱ्या दिवशी सगळीकडे चोळायचा होता. तुम्ही पहिली पाळी करून आलात, बरोबर कोक ओव्हनच्या भट्टीवरचे तुमचे दोस्त, मुद्दाम माझं काम दाखवायला आणलेले. तळहातावर तंबाखू चुरडून झाली होती, चुना अजून लावायचा होता. "कावून व पोरी, अर्ध्याच पानाले रंग लावून राहिली? डबा सरला काय?" असं म्हणत तुम्ही पहिल्या कुंडीतल्या सगळ्यांत मोठ्या पानावरून हात फिरवलात. वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"बाबा, हात नका लावू! तुमाले काय समजते यातलं?"

तुमचे दोस्त हसले. एक म्हणाला, "चल यार, बिटिया के अस्पताल में अपनी भरती नहीं होगी." तुम्हीही हसलात, पण हात पाठीमागे नेलात. त्यानंतर तुम्ही व्हरांड्यात आला नाहीत. सायकलसुद्धा पुढच्या दारातून आत घेऊ लागलात.

मी त्या कुंडीवर चिठ्ठी लावली, "बाद", आणि बाकीच्या सात कुंड्यांवर काम केलं. चौथ्या सकाळी ती टाकायला उचलली तर त्या मोठ्या पानाच्या उजव्या भागावर ठिपके होते. त्या पानावर मी विषाणू चोळलाच नव्हता. मी गुडघ्यांवर बसले. ठिपक्यांच्या चार ओळी, बोटांच्या अंतराने, सरळ मधल्या शिरेपर्यंत येऊन थांबलेल्या. शिरेच्या पलीकडे, जिथे सालीचं पाणी होतं, तिथूनही तुमचा हात गेला होता, मी पाहिलं होतं. तिथे एकही ठिपका नव्हता. पान हिरवंगार.

कुंडी सायकलच्या कॅरिअरला बांधून मी मॅडमकडे नेली. त्या बराच वेळ भिंगातून पाहत राहिल्या. विषाणू तुमच्या तंबाखूतून आला होता. वाळलेल्या पानात तो वर्षानुवर्षं तसाच टिकून राहतो. आत शिरायला त्याला पानावर बारीक ओरखडे लागतात, त्यासाठी आम्ही खास पूड वापरायचो. इथे ते काम भट्टीवर निबर झालेल्या तुमच्या तळव्याने केलं होतं. चुना लागला असता तर कदाचित विषाणू मेलाही असता. "तुझ्या हातांना माहीत होतं कुठे काय लावलंय," मॅडम म्हणाल्या, "या हाताला नव्हतं. म्हणून याची साक्ष जास्त खरी." मग त्यांनी मला तेच वीस पानांवर पुन्हा करायला लावलं. थोडंफार कमी-जास्त, पण दर वेळी तेच. मात्र विषाणू आधी शिरला आणि पाणी मागून लावलं, तर उपयोग शून्य. साल रोग बरा करत नव्हती. ती दारात अडवत होती. मला ते पुरेसं होतं. आपण जे फुंकून उडवून देतो ते शेंगेच्या आत अंधारात दाण्याला लपेटून काय राखत बसलेलं असतं, या विचाराने मला कित्येक दिवस नीट जेवण गेलं नाही. पुढे बदामाच्या सालीचं, चारोळीच्या टरफलाचं पाणीही करून पाहिलं. ते आश्चर्य अजून ओसरलेलं नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी त्या पानाचा मी लावलेला फोटो उचलून विचारलं, "हात कोणाचा?" तुम्ही तेव्हा बाहेर आवारात सायकल धरून उभे होतात, इस्त्रीचा शर्ट घालून. मी म्हटलं, "प्लांटमधला एक कामगार होता, सर." बाहेर आल्यावर तुम्ही विचारलंत, "झालं का व?" मी म्हटलं, "झालं." पुढच्या वर्षी तुम्ही गेलात.

आता मी दरवर्षी मुलांना हा प्रयोग दाखवते आणि हातापाशी आले की तेच म्हणते, "एक कामगार होता." यंदा एका मुलीने विचारलं, "मॅम, वो आदमी बाद में पत्ती देखने आया था?" मी म्हटलं, "त्याला कोणी बोलावलं नाही." ती मराठी नव्हती, तिला कळलं नसावं. मला पुन्हा हिंदीत सांगता आलं नाही.

हे आईला वाचून दाखवायचं ठरवलं होतं. तुमच्या दोस्ताचा विनोद ती अजून सांगते आणि हसते. पण वाचत गेले तर तो "कामगार" शब्दही येणार. तो गाळून वाचता येईल का, हे मी दोनदा करून पाहिलं, बाबा.