अनवाणी क्लच

सोलापूर, ७ सप्टेंबर २०२५

ती. रुक्मिणीअक्कास,
मुकुंदाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मेसेज तू उघडत नाहीस, म्हणून पत्र. डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझं गाडी चालवणं बंद केलं. एसटीची पायरी तुझ्या गुडघ्यांना चढवत नाही. मग दिवाळीला तुला सांगोल्याहून आणणार कोण?

म्हणून नातीला शिकवायला घेतलंय. चेतनाला अठरा पूर्ण झाली, शिकाऊ लायसन्सही निघालं. पण होम मैदानावर रोज सकाळी गाडी आचके देऊन बंद पडते. मी सांगतो, इंजिनाचा आवाज ऐक, तो दबला की क्लच तिथेच धर. ती म्हणते, आजोबा, तुमच्या आवाजापुढे इंजिनाचा येतोय कुठे.

शेजारचा भारत गाडी घ्यायला टपलाय. दसऱ्यापर्यंत हिला जमलं नाही तर देऊन टाकीन. जिवावर येतंय. लोभ आहेच, तो राहू दे.

तुझा मुकुंद

सांगोला, १३ सप्टेंबर

चि. मुकुंदास अ. आ.

विकायची घाई करू नकोस. क्लच फक्त कानाला कळतो, हे मला पटत नाही. तीस वर्षं मी बहिरी आहे, तरी शिलाई मशीनखाली जाड कापड आलं की माझ्या पायाला आधी समजतं. तुझ्या गाडीत बसले की तुझा प्रत्येक गिअर तळपायाला कळायचा. चेतना पायात काय घालते? जाड बूट असतील तर काढायला लाव. आणि तू एकदा कानात कापूस घालून, गप्प राहून तिच्या शेजारी बस की. काय होतं ते लगेच कळव, मला चैन पडायची नाही.

रुक्मिणी

सोलापूर, २१ सप्टेंबर

ती. अक्काआजीस,
चेतनाचा सा. न.

आजोबांनी खरंच कापूस घातला. मी अनवाणी बसले. क्लच हळूहळू सोडला, तर एका जागी पायाखाली बारीक थरथर आली. पाय तिथेच थांबवला आणि गाडी निघाली. मग आजोबांनीही चप्पल काढून पाय खाली टेकवले. चाळीस वर्षं गाडी चालवून हे माहीत नव्हतं म्हणाले. पक्कं लायसन्स मिळालं की तुम्हाला न्यायला मी येते. माया असू द्या.

चेतना

सांगोला, २८ ऑक्टोबर

चि. मुकुंदास अ. आ.

दिवाळीनंतर मला घरी सोडून तुम्ही परत फिरलात आणि मी लिहायला बसले. येताना मागच्या सीटवर मी चप्पल काढली, डोळे मिटले आणि गिअर मोजू लागले. तू चालवायचास तेव्हा एकही सुटत नसे, एवढे हिसके बसायचे. पोरीचा पहिला कळला, दुसरा जरासा, पुढचे कळलेच नाहीत. मंगळवेढ्याच्या पुढे वाटलं, गाडी बंदच पडली. घाबरून डोळे उघडले, तर बाहेर झाडं मागे पळत होती. मला भरून आलं, बाबा.

भारतला नाही म्हणून सांग. तुझ्यावरचा लोभ आहे तसाच आहे, पण गुढीपाडव्याला पुन्हा यायचं झालं तर मी तिच्याच गाडीत बसेन.

रुक्मिणी