लिंबायतची खोली आणि सुरूच्या फांदीचा खुलासा

मी, निंबा सखाराम बोरसे, वय सव्वीस, धंदा जरीच्या कारखान्यात नोकरी, मूळ राहणार तालुका अमळनेर, हल्ली लिंबायत, सुरत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. शिक्षण चौथी. डोकं ठिकाणावर आहे, दारू प्यालेलो नाही, कोणी मानेवर बसून लिहवून घेत नाही. कोर्टाबाहेरचा टायपिस्ट म्हणाला, सुरुवातीला ‘परमेश्वरकृपेने’ लिही. मी लिहिलं नाही. कोणत्या परमेश्वराच्या, म्हणून माझा पाठचा भाऊ लोटू तिथूनच भांडण काढेल.

एवढ्या लवकर मृत्युपत्र कशाला, तर त्याचं कारण. गेल्या भाद्रपदात सुरतेत प्लेगची साथ आली तेव्हा मलाही ताप भरला. लोटू तेव्हा आमच्याकडेच राहायचा. ‘गावाहून औषध आणतो’ म्हणून तो भुसावळच्या गाडीत बसला. बायको सुवर्णा तोंडाला पदर बांधून माझ्याजवळ थांबली. ताप मलेरियाचा निघाला. लोटू दिवाळीनंतर आला. औषध आणलं नव्हतं.

कलम १. लिंबायतची खोली, पत्र्यासकट, माझ्यामागे पूर्णपणे सुवर्णाची. ही खोली माझ्या पगारातून आणि तिने साड्यांना टिकल्या लावून मिळवलेल्या पैशांतून घेतली आहे. आई कलाबाई हिच्या अंगठ्याचा दुसरा कागद कोणी पुढे आणला तर तो खोटा समजावा. आईला वाचता येत नाही आणि लोटूला ते माहीत आहे.

कलम २. गावच्या घरातला माझा वाटा आई असेपर्यंत आईचा, नंतर लोटूचा. सुवर्णाने त्यावर हक्क सांगू नये. आता लोटूला कुरकुरायला जागा नाही. तरी तो शोधेल.

कलम ३. सायकल कारखान्यातल्या चेतनला. शिवणयंत्र आधीपासून सुवर्णाचंच आहे, ते माझ्या मालात मोजू नये.

कलम ४. हे नीट वाचावं, कारण लोटू यावरच खोली मागणार आहे.

सुवर्णा नवापूरकडच्या गावितांची, ख्रिस्ती. आमचं लग्न नोंदणीने झालं. मी धर्म बदलला नाही, तिनेही नाही. या नाताळात तिने वाऱ्याने पडलेली सुरूची फांदी आणून वाळूच्या डब्यात उभी केली. लोटू आला आणि दारातूनच ओरडला, “हाई काय शे रे? तू बाटी गया!”

सुवर्णा म्हणाली, “भाऊजी, बसा तरी. चहा घ्या.”

त्याने चहा घेतला, मग जाऊन फोटोवाला आणला. झाडासकट खोलीचा फोटो त्याच्याकडे आहे. भाऊ बाटला, आता खोली आईची, असं तो गल्लीत सांगत फिरतो. आईची म्हणजे कोणाची, ते सगळ्यांना कळतं.

संशय मलाही होता. मी सुवर्णाला विचारलं, “याच्यापुढे काही म्हणावं लागतं का?”

“म्हणा ना, पडू नको. डबा हलतोय.”

एवढ्यावर मी गप्प बसणारा नाही. सासरे जालम गावित यांना नवापूरला जाऊन तोंडावर विचारलं, “मामा, खरं सांगा, त्या झाडात काय ठेवलंय?”

ते म्हणाले, “जावईबापू, बायबल उघडून दाखवतो. येशूच्या जन्मात गव्हाण आहे, मेंढपाळ आहेत. झाड नाही.”

माझा संशय वाढलाच. पुस्तकात नाही तर घरात कुठून आलं? त्यांनी सांगितलं ते असं. थंड मुलखात हिवाळ्यात झाडांची हाडं दिसतात, दिवस लगेच बुडतो. येशूचं नाव कानावर येण्याआधीपासून तिथले लोक हिरव्या फांद्या घरात आणायचे, सगळंच मेलेलं नाही हे दिसावं म्हणून. पुढे जर्मनीत नाताळच्या आदल्या दिवशी आदम-हव्वेचं सोंग व्हायचं. त्यात बागेतलं झाड म्हणून एक हिरवं झाड उभं करून सफरचंदं टांगायचे. सोंग मागे पडलं, झाड लोकांच्या घरात राहिलं. दिवे नंतर लागले. आपल्याकडे ते गोऱ्या मिशनवाल्यांनी आणलं. त्यांचं झाड इथे होत नाही म्हणून सुरू. एका ख्रिस्ती साधूने तिथले लोक पूजत ते जुनं झाड तोडलं आणि तिथे हे उगवलं, अशीही गोष्ट आहे. ती मी धरत नाही. सांगणाऱ्याचा आजोबाही तिथे नव्हता.

सासरे मुलीच्या बाजूने बोलणार, म्हणून कारखान्यातल्या केरळी फिटरला, तोही ख्रिस्ती, वेगळं गाठून तेच विचारलं. त्या दोघांची कधी भेट नाही. तरी बोलणं जुळलं.

सबब लिहून देतो की ती फांदी देव नाही. श्रावणात आपण कानबाई बसवतो, नारळाला नथ घालतो, पाया पडतो. त्या फांदीच्या तर कोणी पायाही पडलं नाही. चार माणसं तिच्याभोवती बसली, खाल्लं, हसली. फांदीवर चमकत होती ती कारखान्यात झाडून काढलेली जरीची गुंतावळ, मुकादमाला विचारून आणलेली. चोरीचाही आळ नको.

कलम ५. सुवर्णाने पुढेही फांदी आणावी किंवा आणू नये. खोली तिचीच.

कलम ६. माझं क्रियाकर्म घरच्या रीतीने करावं. मूलबाळ नाही, म्हणून अग्नी देण्याचा हक्क लोटूचा. पण लग्नाला तीन वर्षं झाली, त्याने सुवर्णाला एकदाही वहिनी म्हटलेलं नाही. तिच्यासमोरच ‘ती नवापूरवाली’ म्हणतो. तर तिरडी उचलण्याआधी त्याने खालच्या दोन्ही साक्षीदारांना ऐकू जाईल असं ‘वहिनी, चला’ म्हणावं आणि तिला सोबत न्यावं. मनात म्हटलेलं चालणार नाही. खोकल्यासारखं म्हटलेलंही चालणार नाही. म्हटलं नाही, तर अग्नी सुवर्णा देईल आणि लोटूने लांब उभं राहावं.

हे सगळं मी साक्षीदारांना दोनदा वाचून दाखवलं. जिला खोली मिळणार तिची साक्ष घेतलेली नाही. सायकल मिळते म्हणून चेतनच्या साक्षीला कोणी हरकत घेतली, तर सायकलही सुवर्णाची.

सही: निंबा सखाराम बोरसे

साक्षीदार:
१. चेतन दगा शिरसाठ, जरी कारखाना (सही)
२. प्रमिलाबाई, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: लिंबायत, सुरत
तारीख: ८ जानेवारी १९९५