माझ्याच रक्तात शिरत नाही

४ मार्च
पुन्हा तेच! झाडाचं संप्रेरक सगळ्यांच्या लाल पेशींत शिरतं — माझ्याच पेशींत जेमतेम. पाणी आटलं की झाडाला सावध करणारं हे द्रव्य माणसाच्या पेशीत कुठल्या वाटेनं जातं, एवढंच तर बघायचंय. रक्त आम्ही प्रयोगशाळेतलेच आळीपाळीनं देतो. मॅडम म्हणाल्या, "पाचव्या महिन्यात होतात गं अशा चुका. घरी जा, झोप काढ." हसले वरवर.

५ मार्च
शेजारच्या टेबलावरच्या लंबूला नावं झाकून नळ्या दिल्या. त्याच्या हातूनही तेच! म्हणजे चूक हाताची नाही. मग रक्ताची?

७ मार्च
मॅडमनी केबिनचं दार लावून घेतलं. म्हणाल्या, ज्या प्रथिनातून संप्रेरक आत जातं, तेच पेशीचा आकार सांभाळतं. ते कमी पडलं की पेशी गोल होतात, लवकर फुटतात. "पण तू आहेस ना धडधाकट? हा दोष आईबापांपैकी एकाकडूनच आला तर बाळही तुझ्यासारखंच होईल. दोघांकडूनही आला तर मात्र —" पुढचं गिळलं त्यांनी. गिळून काय उपयोग! वाचलंय मी. तसल्या बाळांना वाचवताना डॉक्टरांच्या नाकी नऊ येतात. वाचलीच तर.

८ मार्च
नवऱ्याला सगळं सांगितलं. हसला! "मी ठणठणीत आहे गं. घे माझं रक्त, बघ कसं धावत जातं ते आत." वेडा! त्याची आजी आणि माझे आजोबा सख्खी भावंडं — हे त्याला आठवत नाही, की आठवायचं नाही? मला तर दुसरं काही सुचतच नाहीये. देवा, त्याच्या तरी पेशींत जाऊ दे!

९ मार्च
बाळ पहिल्यांदा हललं. एरवी नाचले असते. आज नुसती बसून राहिले, पोटावर हात ठेवून. भीती वाटते, फार भीती वाटते.

११ मार्च
नवऱ्याच्या पेशींतही जेमतेमच गेलं. पुन्हा करून पाहिलं — तेवढंच.
तो काचेपलीकडे बाकावर बसला होता. अंगठा वर करून नुसत्या ओठांनी विचारलं, "पास?"
मी हसून मान डोलावली.