जांभळा मोगरा

१ मार्च, रविवार. सकाळी.

रिटायर होऊन दोन महिने झाले. घरात अशी अफवा आहे की मी नुसत्या फेऱ्या मारतो. हॉल, किचन, बाल्कनी, परत हॉल. रत्नप्रभा म्हणाली, अहो, एका जागी बूड टेकवा जरा, बघून मला चक्कर येते. बायकोला कोण समजावणार? याला चालण्याचा व्यायाम म्हणतात.

मी अस्वस्थ वगैरे अजिबात नाही. दिशाचं लग्न सव्वीस एप्रिलला आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही. एकुलती एक मुलगी दहिसरला जाणार. दहिसर काही अमेरिकेत नाही. मुलुंडहून ट्रॅफिकमध्ये तेवढाच वेळ लागतो, ते वेगळं.

तोच दिवस, संध्याकाळी.

होणारा जावई सुयोग आणि त्याची आई मालनताई लग्नाचं ठरवायला आले होते. हॉल सुयोगच्या मित्राचा. केटरर रत्नप्रभाच्या ओळखीतला. आमंत्रणं दिशाने फोनवर बनवलीयेत. मला विचारलं ते फक्त चहात साखर किती. मग मालनताई म्हणाल्या, गजरे कुठून आणायचे? माझ्या तोंडून निघून गेलं की गजरे घरचे, आमच्या बाल्कनीतल्या मोगऱ्याचे.

सगळे बाल्कनीकडे बघायला लागले. बाल्कनीत वॉशिंग मशीन आणि एक मोडकी खुर्ची आहे. पण शब्द गेला तो गेला. मुलीच्या केसांत बापाच्या हातचा गजरा. एवढं एक काम माझं.

ते गेल्यावर दिशा म्हणाली, बाबा, लावायचंच तर अबोली लावा ना, छान दिसते. मी तिला समजावलं की अबोलीला वास नसतो आणि वासाशिवाय गजरा म्हणजे काय. ती बरं म्हणाली. समजूतदार आहे पोरगी.

६ मार्च, शुक्रवार

हायवेच्या नर्सरीतून मोगऱ्याची रोपं आणली. माळी म्हणाला, दिवसभर ऊन पाहिजे. म्हटलं, आहे. आमच्या बाल्कनीत सकाळी दहापर्यंत येतं. दहापर्यंत म्हणजे जवळजवळ दिवसच.

कुंड्या विकत घेतल्या नाहीत. सोसायटीच्या रंगकामाचे रिकामे डबे होते, त्यांना खाली भोकं पाडून कुंड्या केल्या. रिसायकलिंग. झकास दिसतायत.

९ मार्च, सोमवार

खालच्या मजल्यावरचे कुंडलिकराव वर आले. म्हणाले, सहदेवराव, तुमच्या डब्यांतलं लाल पाणी माझ्या पांढऱ्या चादरीवर पडतंय, हे काय चाललंय? या माणसाला हिरवळीचं प्रेम नाही. त्यांच्याकडे एक जास्वंद आहे, ती पण कायम आजारी.

तरी शेजारधर्म म्हणून दुपारी सगळ्या डब्यांची भोकं एम-सीलने बुजवून टाकली. आता थेंब खाली जाणार नाही. माझी तीस वर्षं बिस्किटांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये गेली. प्रॉब्लेम मुळापासून सोडवायची सवय आहे. पाणी दोन वेळा चालू.

१४ मार्च, शनिवार

पानं पिवळी पडतायत. चांगलं लक्षण. जुनी पानं गेल्याशिवाय नवीन येणार कुठून? मातीला जरा वास येतोय, डबक्यासारखा. खत मुरत असणार.

१९ मार्च, गुढीपाडवा

संकल्प: नैसर्गिक कीडनियंत्रण. केमिकलचा एक थेंब नाही. गुढीचा कडुलिंब उरला होता, तो मिक्सरमध्ये फिरवून गाळला आणि झाडांवर फवारला. हिरवागार अर्क. पुढे त्याच मिक्सरमध्ये रत्नप्रभाने खोबऱ्याची चटणी केली, त्याला मी काय करणार? मिक्सर मी विसळला होता.

चटणी तोंडात घेतल्यावर दिशाचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी म्हटलं, पाडव्याला कडू खातातच. रत्नप्रभाचं चिडल्यावर मालवणी सुटतं. ह्या काय करून ठेवलात तुमी, म्हणाली. मग मिक्सर उचलून बाल्कनीत ठेवला आणि सांगितलं, हा आता तुमचा. चला, उपकरणांची सोय झाली.

२४ मार्च, मंगळवार

बागेत हालचाल वाढलीये. देठांवर कापसासारखी पांढरी नक्षी आलीये, फार नाजूक. आणि मुंग्या. रांगेने वर जातात, त्या कापसाशी थांबतात, खाली येतात. कष्टाळू जात. झाडाची देखभाल करत असणार. त्यांना हात लावायचा नाही असं घरात जाहीर केलं.

शत्रूही सापडला. काळा, लांबट, अंगावर नारिंगी ठिपके, छोट्या मगरीसारखं रूप. बरेच होते आणि सगळे त्या कापसात तोंड घालून बसलेले. चिमट्याने एकेक उचलून खाली कुंडलिकरावांच्या खिडकीच्या दिशेने सोडून दिले. हिंसा नाही केली.

२९ मार्च, रविवार

कळ्या!

आणि नुसत्या कळ्या नाहीत. जांभळट. पांढऱ्या मोगऱ्याला जांभळी झाक. आयुष्यात असा प्रकार बघितला नव्हता. नर्सरीवाल्याने चुकून भारी जात दिलेली दिसते. प्रत्येक कळीला बारीक भोक आहे, श्वास घ्यायला असावं.

दिशाला ओढत बाल्कनीत नेलं. तिने नाकावर ओढणी धरली, डब्यांच्या वासामुळे. म्हणाली, छान आहे बाबा. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मलाही जरा भरून आलं.

२ एप्रिल, गुरुवार

एका बागप्रेमींच्या ग्रुपवर फोटो टाकला, खाली लिहिलं, जांभळा मोगरा, मुलुंड पूर्व. पहिल्याच माणसाने लिहिलं, काका, कळी पोखरणारी अळी आहे, सगळ्या कळ्या तोडून टाका. दुसऱ्याने लिहिलं, आणि तो कापूस म्हणजे मिलीबग, पिठ्या ढेकूण. मुंग्याच सांभाळतात त्यांना. तिसऱ्याने लेडीबर्ड नावाच्या ठिपकेवाल्या किड्याच्या पिल्लाचा फोटो टाकला. ही दिसली तर जपा, म्हणे, ती मिलीबग खाते.

काळी, लांबट, नारिंगी ठिपके.

ग्रुप सोडला. लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

५ एप्रिल, रविवार

खबरदारी म्हणून (अळी आहे असं मी मानत नाही) लसूण-मिरचीचा अर्क केला. बेडगीने भागणार नाही म्हणून लवंगी घेतली, भरपूर. दुपारी ऐन उकाड्यात फवारायला घेतला आणि नेमका वारा फिरला. हॉलमध्ये मालनताई आणि सुयोग बसले होते. साड्या दाखवणं चाललं होतं.

आधी सुयोग खोकला. मग मालनताई, मग सगळेच. मालनताई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, सहदेवराव, मुलगी द्यायची नसेल तर तसं सांगा ना, धुरी कशाला देताय? सगळे हसले. मीही हसलो. पण त्या वाक्याने संध्याकाळभर डोकं खाल्लं. मी कशाला मुलगी द्यायची नाही म्हणेन? एप्रिल इतक्या लवकर आला, एवढंच माझं म्हणणं आहे.

१२ एप्रिल, रविवार

पानं करपली. ऊन यंदा जास्तच आहे.

खाली वाकून बघितलं तर कुंडलिकरावांची जास्वंद फुलांनी लगडलीये. जिन्यात भेटले तेव्हा स्वतःहून सांगितलं की काय माहीत कुठून लेडीबर्ड आल्या, सगळी कीड साफ झाली. फुलं हवी तर घेऊन जा, म्हणाले. मी नको म्हटलं. काही माणसांना नुसतं नशीब मिळतं.

१८ एप्रिल, शनिवार

आठच दिवस. झोप नीट होत नाही, उकाड्यामुळे. चहा गार होईपर्यंत कप हातात घेऊन फिरत असतो. जाहिरात बघून पिवळी चिकट पाटी आणली होती, कीटक चिकटतात म्हणे. माझा चष्मा चिकटला. काढताना काडी मोडली.

दुपारी दिशा कपाट आवरत होती. मला म्हणाली, बाबा, बसा ना जरा माझ्याबरोबर, शाळेतले फोटो निघालेत, कुठले नेऊ कुठले ठेवू ते सांगा. मी म्हटलं, येतो, ताक-हिंगाची फवारणी तेवढी आटपतो. आटपून आलो तेव्हा बॅग बंद झाली होती. पलंगावर मधोमध ती आणि तिची आई झोपल्या होत्या. दारात उभा राहिलो थोडा वेळ. जागा कुठे नव्हती. परत बाल्कनीत आलो.

संकल्प: उद्यापासून डब्यांची भोकं उघडणार. वेळ गेलेली नाही.

१९ एप्रिल, रविवार

भोकं उघडली. कुंडलिकरावांच्या चादरींवर जे काय गेलं त्याचं वर्णन इथे करत नाही. माती मोकळी केली तर मुळं हातात आली, मऊ आणि काळी.

एक रोप अजून हिरवं आहे. त्याच्यावर तीन कळ्या, पांढऱ्या. गजरा लहानही असू शकतो.

२४ एप्रिल, शुक्रवार

दोन कळ्या रातोरात जांभळ्या. तिसरी कबुतराने नेली.

२५ एप्रिल, शनिवार

पहाटे कोणाला न सांगता दादरच्या फूलबाजारात जाऊन आलो. टपोरा मोगरा मिळाला, ताजा. याला फसवणूक म्हणत नाहीत, मालाचा तुटवडा असला की कंपनीतही आम्ही बाहेरून मागवायचो. आणि गुंफणार मी, स्वतःच्या हाताने. शब्द होता बापाच्या हातचा गजरा, तो शंभर टक्के पाळला जातोय.

दुपारी दार लावून गुंफला. दोरा सुटत होता, चष्म्याला काडी नाही. तीनदा उसवून परत केला. शेवटी जमला. थोडा वाकडा आहे. माझ्या पोरीसाठी मी केलेला आहे, आणि मला तो फार आवडला.

२६ एप्रिल, रविवार. रात्र व्हायच्या आत लिहून ठेवतो.

लग्न छान झालं. गजरा मीच दिशाच्या केसांत माळला. मालनताई म्हणाल्या, काय घमघमाट सुटलाय. दिशाने माझा हात घट्ट दाबला.

जेवणाच्या पंक्ती सुरू झाल्यावर मी पाणी घेऊन तिच्याकडे गेलो. ती वधूपक्षाच्या खोलीत डोळे मिटून बसली होती. चेहरा उतरलेला. सुयोग मागे उभा राहून हळूच तिचा गजरा सोडवत होता. मला बघून ओशाळला. म्हणाला, सॉरी हां बाबा, हिला मोगऱ्याने डोकं चढतं ना. पहिल्यांदा भेटलो तेव्हा मीच गजरा घेऊन गेलेलो, वाट लागली होती हिची. आज म्हणाली, बाबांनी केलाय, जेवणापर्यंत राहू दे. दोन गोळ्या घेतल्या तिने. तुम्हाला तर माहितीच आहे.

मी म्हटलं, हो, माहितीये ना.

बाहेर येऊन रत्नप्रभाला विचारलं, कधीपासून. म्हणाली, शाळेत होती तेव्हापासून. मोगऱ्याची अगरबत्तीसुद्धा आपल्याकडे लागत नाही, बघितलं नाहीत कधी? मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे आणि तरी हट्टाने लावताय. मी बोलणार होते, तर पोरगी म्हणाली, आई, काही बोलू नकोस, ते बिझी आहेत ना, असू दे.

मला जेवण गेलं नाही. मसालेभात तिखट होता.

निघताना दिशा रडली. मी सामान गाडीत नीट लागलंय का ते बघत होतो. मोठी बॅग आडवी ठेवली होती, ती उभी केली. मग परत आडवी केली. तेवढ्यात गाडी सुटली.

३० एप्रिल, गुरुवार

डबे भंगारवाल्याला दिले. बाल्कनीत वॉशिंग मशीन, खुर्ची आणि मिक्सर. सकाळपासून त्या मोडक्या खुर्चीवर एका जागी बसून आहे. रत्नप्रभा दोनदा येऊन बघून गेली. मग म्हणाली, अहो, जरा फेऱ्या तरी मारा.

मला करमत नाहीये. लिहून टाकलं.

अकराच्या सुमारास दिशाला फोन केला. विचारलं, तुला कुठलं फूल आवडतं ते एकदा नीट सांग, मी लावतो, या वेळी पद्धतशीर करू. ती म्हणाली, फुलं नकोत बाबा. तुम्ही या. रविवारी या, दिवसभर बसा माझ्याजवळ. आणि ऐका, काहीही आणू नका हां. रिकाम्या हाताने या.

मी बरं म्हटलं. फोन ठेवून परत खुर्चीवर येऊन बसलो. रविवारपर्यंत वेळ आहे. रिकाम्या हाताने जायचं, तर बरोबर काय न्यायचं, ते रत्नप्रभाला विचारून ठेवायला हवं.