सुपर कपच्या दिवशी खरी अंत्ययात्रा जाऊ देण्याबाबत

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक,
मिरवणूक परवाना विभाग,
हाल वार्दा पोलीस ठाणे, माल्टा.

विषय: रविवारी सुपर कपच्या दिवशी माझ्या पतीची अंत्ययात्रा चौकातून नेण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ: आपल्या ठाण्याने काल, शुक्रवारी, दिलेला तोंडी नकार.

महोदय,

सविनय कळविते की, माझे पती विस्तिन मिफ्सूद, पोस्टमन, वय ६१, गुरुवारी टपाल वाटताना एका पायरीवर बसले ते पुन्हा उठले नाहीत. दफन रविवारी सायंकाळी सात वाजता आहे. त्याच सुमारास लीगविजेते व कपविजेते यांचा हंगामातला पहिला फुटबॉल सामना सुटेल आणि जिंकणाऱ्यांच्या गाड्या चौकात येतील.

हरलेल्या संघाची खोटी अंत्ययात्रा काढण्याची आपल्याकडची रीत आपण जाणताच. एकोणीस वर्षे त्या यात्रेच्या शवपेटीत मेलेला म्हणून माझे पतीच झोपत. कोणीही जिंको, बोलावणे त्यांनाच. ऑगस्टच्या उकाड्यात न हसता पडून राहणे दुसऱ्या कोणाला जमत नसे. चौकात लोक झाकणावर तीनदा ठोकत, की ते उठून बसत आणि खायला मागत, "पास्तित्सी मटारच्या आणल्यात की चीजच्या?"

त्यामुळे आता कोणाचा विश्वास बसत नाही. आपले हवालदार मला म्हणाले, "अहो चेन्साबाई, सामना अजून व्हायचाय. हरतं कोण ते तर ठरू दे, मग मरायला सांगा त्याला!" मला राग आला नाही. गुरुवारपासून राग येत नाही, भूकही लागत नाही. त्यांनी दिलेल्या फॉर्मवर 'पराभूत संघ' हा रकाना रिकामा चालत नाही, म्हणून तिथे मी विस्तिनचे नाव लिहिले आहे.

सुतार लेलीने पेटीचे माप घेतानाच विचारले, "वहिनी, हवेची भोकं पाडू ना, नेहमीसारखी?" माझ्या तोंडून 'हो' निघून गेले. भोके आहेत.

तरी विनंती की, एक हवालदार पुढे चालावा व ही अंत्ययात्रा खरी असल्याचे मोठ्याने सांगावे. टाळ्या पडल्या तर पडू द्याव्यात, विस्तिनना त्याची सवय होती. फक्त झाकणावर कोणीही ठोकू नये, अशी सक्त ताकीद द्यावी. काल संध्याकाळी पेटी बंद झाल्यावर मी स्वतः तीनदा ठोकून पाहिले आहे. पुन्हा कोणी खात्री करण्याची गरज नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
चेन्सा मिफ्सूद
शनिवार, ३ ऑगस्ट

सोबत:
१. मृत्यूचा दाखला.
२. भरलेला फॉर्म.
३. पेटीत झोपलेल्या विस्तिनचा फोटो. गेल्या वर्षीचा आहे, त्यात ते जिवंत आहेत. परत मिळावा.